इस्टेट अँबेसेडर घाटात बंद पडते: कार्बोरेटर चौथ्यांदा उघडायच्या आधी हे बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. १९७७ ची मार्क-३ अँबेसेडर, इस्टेट बॉडी, आजोबांची, पेट्रोल इंजिन, वर्षातले दहा महिने वेंगुर्ल्याच्या घरी मांगराला, म्हणजे शेडमधे, लावून ठेवलेली आणि शिमगा, मे महिना नि गणपती एवढ्यालाच बाहेर काढायची. सकाळी थंड गाडी अर्ध्या सेल्फला लागते, सावंतवाडीपर्यंत काही तक्रार नाही, दाणोली सोडून आंबोलीचा घाट चढायला लागलं की चार-सहा वळणांत झटके मारते नि बंद. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की सरळ सुरू, आणि पुढे आठ-दहा किलोमीटरवर परत तेच. यावर तू आतापर्यंत कार्बोरेटरची किट दोनदा बदललीस, कार्बोरेटर तीनदा साफ केलास, प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोल पंपाचा डायफ्राम नवा. आणि आता विचारतोयस की काका, अख्खा कार्बोरेटरच नवीन घेऊ का.

नको घेऊ. निदान आत्ता तरी नको.

राग मानू नकोस, पण तू गाडी तपासलेलीच नाहीस अजून, तू फक्त पार्ट बदललेस. दोन्हीत फरक आहे. तुझी गाडी गॅरेजमधे चांगलीच चालते, कारण गॅरेजमधे घाट नाही, आणि मेकॅनिक बिचारा चालू गाडीत काय शोधणार, मग तो जे दिसतं ते उघडतो, आणि बोनेट उघडल्यावर सगळ्यात वर दिसतो कार्बोरेटर. मी कुडाळला ज्या उस्तादाकडे शिकलो तो पाना हातात घेतलेला बघितला की ओरडायचा, "आधी बघ, मगे पानो घे". तेव्हा वाटायचं म्हातारा उगाच पिडतो. चाळीस वर्षं होत आली आता, रोज आठवण येते त्याची.

तर पहिली गोष्ट, तू एका ओळीत "झटके मारते" लिहिलंयस आणि पुढच्याच ओळीत "गपकन बंद पडते" लिहिलंयस. यातलं नक्की कुठलं? हे मी किस काढायला विचारत नाही, अर्धं उत्तर इथेच आहे. करंट (प्लगला ठिणगी देणारी वीज) जातो तेव्हा गाडी चावी फिरवल्यासारखी मरते, पुढच्या क्षणी काही नाही, नुसती गिअरमधे ढकलली जाते. पेट्रोल कमी पडतं तेव्हा ती आधी कुरकुरते, दम जातो, ॲक्सिलेटर दाबला तर उलट अजून मरायला लागते, पाय थोडा सोडला तर जरा सावरते, असं करत करत शंभर-दोनशे मीटरमधे बंद होते. करंटमधेही एक प्रकार असा आहे की झटके देऊन मग जातो, तो पुढे सांगतो, पण ढोबळ मानाने हा फरक लक्षात ठेव. पुढच्या वेळी शेजारी कोणाला तरी बसव आणि मोबाईलवर नुसता आवाज रेकॉर्ड करायला सांग.

आणि याच वेळी, म्हणजे गाडी मरायला लागली आहे पण अजून मेली नाही अशा वेळी, चोक अर्धा ओढायचा. एवढी एकच गोष्ट कर. चोक ओढल्यावर दोन-चार सेकंद जरी गाडीने जीव धरला तर पेट्रोल कमी पडतंय. चोकने अजून बिघडली, मागून काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय. आणि काहीच फरक पडला नाही तर पेट्रोलचा विषय बाजूला ठेव आणि करंटकडे वळ. फुकटची तपासणी आहे ही, आणि मला खात्री आहे तुझ्या तिन्ही मेकॅनिकांपैकी कोणी हे करायला सांगितलं नसेल कारण त्यांच्यापैकी कोणी तुझ्यासोबत घाटात आलाच नाही.

दुसरी युक्ती बल्बची. इंडिकेटरचा किंवा मीटरमधला १२ व्होल्टचा छोटा बल्ब घे, होल्डरसकट, दोन लांब वायरी जोड. एक वायर कॉइलच्या त्या टोकाला जिथे चावीकडून करंट येतो, जुन्या लुकास कॉइलवर तिथे एसडब्ल्यू लिहिलेलं असतं. दुसरी वायर बॉडीला. बोनेटच्या फटीतून वायर आत घेऊन बल्ब डॅशबोर्डवर टेपने चिकटव, वायर पंख्यात किंवा मॅनिफोल्डवर जाणार नाही एवढं बघ. आता गाडी चालव. चावी ऑन असेपर्यंत बल्ब पेटलेला राहिला पाहिजे. गाडी मेली आणि त्याच क्षणी बल्बही गेला किंवा लुकलुकला तर तुझा आजार इग्निशन स्विचमधे नाहीतर त्याच्या वायरीत आहे, आणि कार्बोरेटरवर घातलेले सगळे पैसे वाया. पन्नास वर्षं जुना स्विच, आत पितळी पत्ते, वेंगुर्ल्याची खारी हवा, गरम झाला की सुटतो आणि थंड झाला की परत लागतो. बघितलंय मी हे एकदा नाही, अनेकदा.

बल्ब पेटलेलाच आहे आणि गाडी मेली, तर मग खाली उतर. पण आधी हँडब्रेक, आणि मागच्या चाकाला दगड. घाटात ही गाडी नुसत्या हँडब्रेकवर सोडून बोनेटमधे डोकं घालू नकोस.

उतरल्यावरची पहिली दोन मिनिटं सोन्याची असतात, गाडी थंड व्हायच्या आत जे दिसेल तेच खरं. क्रम असा ठेव: सगळ्यात आधी मागे जाऊन पेट्रोल टाकीचं झाकण उघड आणि कान देऊन ऐक. 'फुस्स' करून हवा आत गेल्याचा आवाज आला, तर थांब, कदाचित रोग सापडला. टाकीतून पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत आली पाहिजे, झाकणाला किंवा टाकीच्या वरच्या बारीक नळीला त्यासाठी भोक असतं. ते बुजलं की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंप ओढून ओढून दमतो. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं म्हणून गाडी चालते, घाटात जास्त लागतं आणि इंजिन टाकीपेक्षा उंच झालेलं असतं म्हणून तिथे मरते, आणि तू अर्धा तास थांबलास की हळूहळू हवा आत झिरपते आणि गाडी सुरू. तुझ्या लक्षणांशी तंतोतंत जुळतं की नाही बघ.

यावर माझी स्वतःची फजिती सांगतो. कणकवलीच्या एका डॉक्टरांची अँबेसेडर, अशीच वर्षभर उभी असायची, फोंड्याच्या घाटात बंद पडायची. मी दोन दिवस घालवले, पंप उघडला, कार्बोरेटर उघडला, पाइप फुंकले, प्रत्येक वेळी गाडी चालू झाली आणि मी खूश. कारण प्रत्येक वेळी काम करताना आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते बघत होतो! तिसऱ्यांदा परत आली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, आतमधे अळ्यांसकट. बारीक तारेने काढलं, काम पाच मिनिटांचं. डॉक्टरांकडून त्या दोन दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत, घेण्यासारखं तोंडच नव्हतं. आपल्याकडे उभ्या गाडीत कुंभारीण शिरतेच, मांगरात तर हमखास, म्हणून नळीच्या टोकाला बारीक जाळी लाव.

'फुस्स' नाही आलं, तर पुढे. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघ आणि हाताने ॲक्सिलेटरची लिव्हर एकदा पूर्ण ओढ. तुझ्याकडे सोलेक्सचा कार्बोरेटर आहे, तू पाठवलेल्या फोटोत दिसतोय, त्याला ॲक्सिलेटर पंप असतो, लिव्हर ओढली की आत पेट्रोलची बारीक धार पडली पाहिजे. धार पडली तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधे पेट्रोल साठतं ती वाटी) पेट्रोल आहे, मग गाडी पेट्रोलवाचून मेलेली नाही. धार नाही पडली तर वाटी कोरडी. हे बघताना तोंड थेट वर न्यायचं नाही, आणि कोणी सेल्फ मारत असताना तर अजिबात नाही, बॅकफायर झाला की भुवया जातात. माझी डावी भुवई अजून विरळच आहे.

वाटी कोरडी निघाली म्हणजे पेट्रोल कुठेतरी अडतंय, आणि तुझ्या बाबतीत माझा दुसरा नंबरचा संशय टाकीतल्या घाणीवर आहे. दहा महिने उभी, अर्धी टाकी रिकामी, पावसाळ्यात दमट हवा आत बाहेर, टाकीच्या वरच्या भागाला आतून गंज धरणारच. त्याच्या पापड्या सुटतात, गाडी चालायला लागली की पेट्रोलबरोबर ओढल्या जाऊन आतल्या नळीच्या जाळीवर चिकटतात, पेट्रोल बंद. गाडी उभी केली की ओढ थांबते, पापड्या गळून खाली पडतात, गाडी सुरू. म्हणजे हवेच्या भोकासारखीच लक्षणं, फक्त झाकण उघडून फरक पडत नाही. ओळखायचं असं की पंपाच्या आधीचा पाइप सोडून टाकीच्या दिशेने फुंक मारायची, हातपंपाने, तोंडाने नको, आणि टाकीचं झाकण उघडं ठेवून. फुंकल्यावर टाकीत बुडबुड्यांचा मोकळा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर टाकी उतरवायचीच, दुसरा इलाज नाही. पारदर्शक फिल्टर पंपाच्या आधी लाव म्हणजे काय येतंय ते दिसेल तरी, लालसर तांबडी भुकटी दिसली तर रस्त्याची धूळ नव्हे ती, टाकीचा गंज आहे.

टाकीचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलबद्दल पण बोलूया, कारण आजोबांच्या वेळचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याचे तुझ्या गाडीला तीन त्रास. एक, इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर बसतो, आणि टाकीतली नळी बरोबर खालूनच ओढते. दोन, जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, निडलचं रबरी टोक, हे त्याच्याने फुगतं, मऊ पडतं, आतून सुटतं. बाहेरून पाइप झकास दिसतो आणि आत सालपट लोंबत असतं, ओढ बसली की झडपेसारखं बंद होतं, म्हणून पाइप नवे घेताना इथेनॉल चालणारेच माग. तीन, नुसत्या पेट्रोलला एक भाग जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, म्हणजे २० टक्के मिसळलं की हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. तुझे जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं, जुन्या हिशोबाचे आहेत, त्यामुळे गाडी जन्मापासून होती त्याच्यापेक्षा आपोआप सात-आठ टक्के लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते. सपाटीवर कळत नाही, चढावर पिकअप नसणं, खोकणं, जास्त तापणं यात दिसतं. मेन जेट एक नंबर मोठा लावून बरेच जण यातून सुटलेत, पण ते शेवटी, बाकी सगळं बरोबर आहे याची खात्री झाल्यावर.

बाटलीची तपासणी आजच करून टाक. टाकीच्या तळातलं पाव लिटर पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढ आणि तासभर सावलीत ठेव. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी कर, वरून नवीन पेट्रोल ओतून ते बरं होणार नाही.

आता व्हेपर लॉक, ज्याच्यावर सगळेच बोट ठेवतात. आहे, होतो, नाही असं नाही. या १४८९ सीसीच्या इंजिनात पेट्रोल आत जायचा आणि धूर बाहेर यायचा रस्ता हेडच्या एकाच बाजूला आहे, कार्बोरेटर जवळजवळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेला. मे महिन्यात दुपारी दुसऱ्या गिअरमधे घाट चढताना तिथे काय भट्टी होत असेल विचार कर. पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो. लोक काय करतात तर बाटलीतलं सगळं पाणी इंजिनवर ओततात, गाडी सुरू होते, आणि म्हणतात बघा व्हेपर लॉक होता. अरे पण त्या पाण्याने कॉइलही थंड झाली, कंडेन्सरही थंड झाला, मग कळलं काय? फडका ओला कर, पिळ, आणि आधी फक्त पंपावर आणि पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपावर ठेव. दोन मिनिटांनी सेल्फ मार. लागली तर व्हेपर लॉक. नाही लागली तर फडका काढ आणि कॉइलभोवती गुंडाळ, वायरींची टोकं कोरडी ठेवून. आता लागली तर कॉइल. एका वेळी एकच गोष्ट थंड करायची.

व्हेपर लॉकच निघाला तर पाइप मॅनिफोल्डपासून लांबून फिरवून घे, कार्बोरेटरखालचा जाड फायबरचा पॅकिंग तुकडा आहे का बघ, बऱ्याचदा कोणीतरी तो काढून साधं कागदी पॅकिंग लावलेलं असतं आणि सगळी उष्णता सरळ वर चढते.

पण वाटीत पेट्रोल आहे, धार पडतेय, आणि तरी गाडी लागत नाही, तर करंट. माझा पहिला संशय खरं तर इथेच आहे, आणि त्याला कारण म्हणजे तू बदललेल्या पार्टच्या यादीत एक नाव नाहीये: कंडेन्सर. कॉइल बदलली, प्लग बदलले, आणि डेल्कोच्या (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आतला तो बोटाच्या पेराएवढा डबा तसाच. कंडेन्सर गरम झाला की दगा देतो आणि थंड झाला की शहाणा होतो, आणि गॅरेजवाल्याच्या मीटरवर थंड असताना ठीकच दिसतो. गाडी बंद पडली की एक जादा प्लग घे, कॉइलच्या मधल्या जाड वायरीला लाव, प्लगची बॉडी इंजिनला नीट टेकव, तारेने बांध, हातात धरू नकोस, आणि सेल्फ मारायला सांग. निळी, कडकड वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मधेच येणारी मधेच जाणारी ठिणगी असेल तर कंडेन्सर नाहीतर कॉइल. पॉइंट, म्हणजे डेल्कोतले उघडझाप करून करंट तोडणारे दोन टेकू, उघडून बघ, ते निळसर काळे जळालेले असतील तर कंडेन्सरकडे अजून एक बोट. जवळ पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी बघायचं, सांगायला नको.

हा कंडेन्सर सापडणं सोपं आणि स्वस्त आहे, चांगला मिळणं मात्र अवघड झालंय. नव्या डब्यातले काही पहिल्याच दिवशी खराब निघतात. कुठल्या तरी जुन्या गाडीतला चालू असलेला मिळाला तर नव्यापेक्षा तो घे.

आणि तुझी नवीन कॉइल. तिच्या दोन छोट्या टोकांमधे मीटर लावून ओहम बघ, वायरी सोडून. तीनच्या आसपास पाहिजे. दीडच्या आसपास आली तर ती बॅलास्टवाली कॉइल आहे, म्हणजे तिच्या आधी वेगळा रेझिस्टन्स लागतो, आणि तुझ्या गाडीत तो नाही. सरळ १२ व्होल्टवर ती लावली की सुरुवातीला ठिणगी मस्त, गाडी झकास, आणि वीस-पंचवीस मिनिटांत कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंटही जाळते. ही चूक मी स्वतः केली आहे, स्वतःच्याच गाडीत, दुकानात डबा सारखा दिसला म्हणून. म्हणजे असं बघ, मूळ रोग टाकीत असेल आणि त्याच्यावर उपाय म्हणून बसवलेली कॉइल आता दुसरा रोग झाली असेल, असंही शक्य आहे. म्हणूनच एकामागून एक पार्ट बदलायला मी नको म्हणतो.

झटके देऊन करंट जाण्याचा प्रकार म्हटलं होतं तो हा: डेल्कोच्या आत पॉइंटपासून बाहेरच्या टोकापर्यंत एक मऊ, विणलेली छोटी वायर असते. ॲक्सिलेटर कमी-जास्त झाला की व्हॅक्यूमने आतली प्लेट थोडी फिरते आणि ती वायर रोज वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती आतून तुटते, वरचं आवरण शाबूत. सपाटीवर एका जागी टेकलेली असते, घाटात पाय दाबला की प्लेट फिरते, वायर सुटते, झटका. डोळ्यांना दिसत नाही, हलक्या हाताने ओढून बघ, रबरासारखी ताणली गेली तर मेलेली. प्लेटला अर्थिंग देणारी तशीच दुसरी वायर असते, तीही बघ. यासाठी तोच बल्ब आता कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, डेल्कोकडे जाणाऱ्या, लाव आणि सेल्फ मार. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो, मिटला की विझतो, म्हणजे लुकलुक व्हायला हवी. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट टेकत नाहीयेत किंवा ती वायर तुटली आहे. सतत विझलेला, तर पॉइंट उघडतच नाहीयेत किंवा कंडेन्सर शॉर्ट. पॉइंटची गॅप ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच, फिलर गेजने, सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाने नव्हे.

अर्थिंगचं आपल्या किनाऱ्यावर विशेष बघायचं. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ज्या बाजूला अर्थ आहे तिथे, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मार. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर इंजिन आणि चासीमधली जाळीची पट्टी खाल्लेली आहे. बाहेरून हिरवट पांढरं दिसतं, आतून तार राहिलेलीच नसते. सेल्फ जास्त ओढतो, कॉइलला उरतं कमी. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, हेही एकदा बघून ठेव, अँबेसेडर ज्या मॉरिसवरून आली त्या जुन्या घराण्यात पॉझिटिव्ह असायचं, आणि कोणी काय बदललंय देव जाणे.

एक मजेशीर तपासणी रात्रीची. अमावस्येच्या आसपास घरचे दिवे बंद करून बोनेट उघडून गाडी चालू कर. वायरी किंवा डेल्कोचं झाकण फुटकं असेल तर निळ्या रेघा नाचताना दिसतात, जूनच्या तोंडाला झाडावर काजवे दिसतात तसं. पावसात डेल्कोवर प्लास्टिकची पिशवी बांधायची सवय असेल तर सोड, आत घाम धरतो.

आता जे कोणालाच आवडत नाही ते, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). आजोबांची गाडी शिसं घातलेल्या पेट्रोलवर वाढलेली, आणि २००० सालापासून देशभर ते बंद झालं. मूळ हेड असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट हळूहळू खाल्ल्या जातात, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची गॅप कमी कमी होत जाते, आणि इंजिन पूर्ण तापलं की व्हॉल्व्ह नीट बसतच नाही. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर दम नाही. अशी गाडी सहसा एकदम बंद पडत नाही, पण स्लो (पाय सोडल्यावरची मंद चाल) धरत नाही, आणि मेकॅनिक स्लो धरत नाही म्हणून मिक्श्चर स्क्रू फिरवत बसतो. गॅप ०.०१५ इंच. नऊचा हिशोब लक्षात ठेव: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची गॅप बघायची, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याची, बेरीज कायम नऊ. त्यानंतर चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घे. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघ, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालेल. दोन आणि तीन नंबर दोघंही पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड पॅकिंग उडालंय, या इंजिनात ती ठरलेली जागा आहे. आणि रेडिएटरमधे विहिरीचं मचूळ पाणी घालत असशील तर ते आधी बंद कर.

सायलेन्सर राहिला. बाहेरून रंग मारलेला, आतल्या जाळ्या गंजून पडलेल्या, धूर बाहेर जायला वाट नाही, हे पण घाटातच कळतं. चालू गाडीच्या मागे हात धरून बघ, रेस केल्यावर धूर मोकळा आला पाहिजे.

आणि एवढं सगळं झालं, टॅपेट बरोबर, करंट निळा, टाइमिंग बरोबर, पेट्रोल पिचकारीसारखं येतंय, तेव्हा कार्बोरेटरला हात लाव. तोपर्यंत तो जसा आहे तसा राहू दे, कारण मिक्श्चर स्क्रू फिरवून बाकी सगळ्यांचे दोष थोडे थोडे झाकता येतात, मग खरा आजार सापडायचा अजून अवघड होतो. तुझे तिघेही हेच करून गेले असणार. किट दोनदा बदलली म्हणतोस, तर फ्लोटची निडल नवीन किटमधली मूळ मापाचीच आहे ना ते ताडून बघ, आणि फ्लोट कानाजवळ हलव, आत पेट्रोल वाजलं तर फुटका. कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून हवा खेचतेय का बघायला सकाळी थंड इंजिन स्लोवर ठेवून सांध्यावर ऑइल कॅनने दोन थेंब टाक, इंजिनचा आवाज बदलला तर तिथे फट आहे. पेट्रोल मारून बघणारे आहेत, तू नको मारूस.

तुला जमेल असा बेत सांगतो. शनिवारी घरी बाटली, टॅपेट, कॉइलचे ओहम, अर्थिंग, डेल्कोतली वायर. टाकीची हवेची नळी तारेने मोकळी कर पण झाकण बदलू नकोस. कंडेन्सर विकत आणून खिशात ठेव, बसवू नकोस अजून. रविवारी सकाळी डॅशबोर्डवर बल्ब लावून निघ. सोबत फडका, पाणी, जादा प्लग, पाना-पक्कड, आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर, ही गाडी असताना तो असायलाच हवा. घाट चढताना मुद्दाम ती बंद पडू दे. नाही पडली तर बहुतेक नळीच होती, आंबोलीला चहा पिऊन परत ये. पडली तर या क्रमाने बघ: बल्ब, झाकणाचा आवाज, कार्बोरेटरमधली धार, ठिणगी, मग फडका. दर पायरीला काय दिसलं ते कागदावर लिही, अगदी "काही नाही" असलं तरी. ठिणगी पिवळी आली तरच खिशातला कंडेन्सर तिथेच बसव, दहा मिनिटांचं काम आहे, आणि मग तो कागद मला कळव.